रिकामी चौकट वाईटच धरायची

प्रा. विश्राम तोडणकर सरांची आणि माझी ओळखच मुळी त्यांनी मला झापण्यातून झाली. उदयोन्मुख अर्थव्यवस्थांपैकी कोणता देश आपलं पर्यावरण कितपत सांभाळतो, याचा तुलनात्मक तक्ता मी एम.ए.च्या प्रकल्पासाठी केला होता. काही देशांनी पाण्याचे आकडेच दिले नव्हते. त्यांच्या रिकाम्या चौकटींत मी इतरांची सरासरी भरली, सगळेच भरतात तशी. सरांनी विचारलं, "तुम्ही नदीकाठच्या मोहन्याच्या ना? उद्या तुमच्या नदीचं पाणी कुणी तपासलंच नाही, तर ते आपोआप सरासरी स्वच्छ होईल का हो?"

सरांचा नियम एकच होता : ज्याने मोजलं नाही, त्याचं वाईटच धरायचं. त्यापायी त्यांनी पुष्कळ सोसलं. एका बैठकीत एक अधिकारी वैतागले, "अहो सर, अशाने क्रमवारीत आपलाच देश खाली जातोय!" सर म्हणाले, "मग मोजा ना." पुढच्या बैठकीचं बोलावणं त्यांना आलं नाही.

माझे बाबा धाप लपवत होते, तेव्हा आम्हा घरच्यांचं काही चालेना. सर ठाकुर्लीहून आले, बाबांना रिक्षात बसवलं आणि कल्याणला तपासणीला घेऊन गेले. वाटेत म्हणे दोघे नदीतल्या माशांवर बोलत होते. बाबा त्यामुळेच पुढे काही वर्षं आमच्यात राहिले.

आता सर पंचाहत्तर वर्षांचे झालेत, म्हणून तर हा गौरवग्रंथ आणि हा समारंभ. जिना चढताना मध्येच थांबतात आणि खिडकीबाहेर काहीतरी बघण्याचं नाटक करतात. डॉक्टरांनी श्वासाची तपासणी सांगितली आहे, ती टाळतात. काकू चिडून म्हणतात, "जगाचं मोजत बसले. स्वतःचं नाव काढलं की लगेच विषय बदलतात!"

मी विचारलंच. सर म्हणाले, "अगं, काय येणार ते ठाऊक आहे मला. आयुष्यभर मोजलं, काय बदललं सांग? हवा तीच, नदी तीच. तक्ता तेवढा दरवर्षी नवा."

खोटं कशाला बोलू, मलाही हल्ली तसंच वाटतं.

गौरवग्रंथात शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. पण सर, तुमच्या श्वासाची चौकट रिकामी आहे, आणि रिकाम्या चौकटीत काय धरायचं ते तुम्हीच शिकवलंत. ते धरायला माझं मन धजत नाही. समारंभ संपला की मी दारात रिक्षा घेऊन उभी असेन. हवा बदलणार नाही, नदी बदलणार नाही, मान्य. तरी चला. आम्हाला तुम्ही हवे आहात.