पाखरं हाकलायचं मशीन

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता. आणि एक ध्यानात घ्या, हा घोळ मी इंजिनिअर असूनसुद्धा घातला असं नाही. इंजिनिअर होतो म्हणूनच घातला. साध्या माणसाला एवढं चुकायला जमतच नाही!

पुण्यात चांगली नोकरी होती माझी. दुसऱ्यांच्या यंत्रांचे सर्किट बोर्ड बनवायचो. मग डोक्यात शिरलं की आपली अक्कल गावाला दिली पाहिजे. गावानं मागितली होती का? छे! तरी राजीनामा दिला, आटपाडीजवळच्या आमच्या गावी आलो, गोठ्याशेजारच्या खोलीत टेबल मांडलं आणि सोल्डरिंगचा धूर काढत बसलो. शेजारी म्हशी खोकायच्या. आई आल्यागेल्याला सांगायची, "पुण्यात लय शिकला. आता घरात धूर करतोय."

तर माझा पहिला महान शोध म्हणजे पाखरं हाकलायचं मशीन. रानात शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, कणसात भरत आलेला, आणि चिमण्यांच्या झुंडी नुसत्या पंगतीला बसल्यासारख्या बसायच्या. मी एक डबा केला. वर छोटं सोलर पॅनेल, पुढं अंगाची ऊब ओळखणारा सेन्सर, आत मेमरी कार्ड आणि एक दणदणीत स्पीकर. पाखरू समोर आलं की स्पीकर ओरडणार. सोपं!

आता आवाज कुणाचा घालायचा? आमच्या वडिलांचा, आबांचा आवाज म्हणजे देवळातल्या उदबत्तीसारखा, आहे की नाही कळत नाही. मग राहिलं कोण? आई! आमची आई या वेशीवर बोलली तर पलीकडच्या वेशीवरची कुत्री उठून बसतात. मोबाईल पुढं धरला आणि म्हणालो, "समज, समोर पाखरं आलीत. हाकल."

"मनातलं बोलू?"

"बोल की!"

कित्येक वर्षं साठलेलं होतं हो! "आलासा व्हय परत फुकटचं गिळायला? तुमच्या बापाचं रान हाय व्हय?" मग, "सगळं खानदान घिऊन आलायसा, लाजा न्हाईत्या!" आणि शेवटी, "बगतायसा काय? निघा, न्हाईतर तंगड्या मोडून हातात देईन!"

झकास! टेबलावर हात हलवून बघितलं. मशीन लगेच बोललं. टेस्टिंग संपलं. रानात नेऊन बघावं, एखाद्या खऱ्या चिमणीला विचारावं, असले विचार हुशार माणसाला शिवत नाहीत.

आता खरी गंमत. त्याच आठवड्यात मला बघायला मिरजेकडचे पाहुणे येणार होते. नोकरी सोडून गावात बसलेल्या पोराला कोण मुलगी देतंय आजकाल? हे एकच स्थळ कसंबसं आलेलं. आबांनी बैठकीला चुना दिला, आईनं नवी साडी काढली. आणि मी? मी म्हटलं, पाहुणे येताना आपली कर्तबगारी त्यांना दिसली पाहिजे! त्या दिवशी सकाळी सकाळी उठून मशीन अगदी वाटेकडेच्या बांधावर रोवलं. तोंड नीट पायवाटेकडं केलं. शोभेला!

पाहुण्यांची गाडी ओढ्यापाशी थांबली. पुढची वाट शाळवाच्या कडेनं, पायीच. मी दारात, आई चुलीपाशी पोह्यांत. आणि एवढ्यात रानातनं आईचा आवाज घुमला, "आलासा व्हय परत फुकटचं गिळायला?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आत ओरडलो, "आई, चाललं मशीन! पाखरं पळाली असणार!"

परत आवाज. "सगळं खानदान घिऊन आलायसा!"

"किती पाखरं आलीत बघ!" मी म्हणालो. असा मी हुशार.

थोड्या वेळानं खानदान दारात आलं. मुलीचे वडील लालभडक, आई पांढरीफटक, आणि मिलिटरीतनं रिटायर झालेले मामा दगड हातात घेऊन सगळ्यात पुढं.

आई पदर सावरत बाहेर आली. "या, या! लय वाट बगायला लावली गड्या तुमी!"

मुलीच्या आईनं तो आवाज ऐकला आणि दोन पावलं मागं सरकली.

"बसा की! घाबरताय काय? घर आपलंच समजा."

"आपलंच?" मामा म्हणाले. "आता तर आमच्या बापाचं रान हाय व्हय म्हनून इचारत हुता."

"मी? कवा?"

"आवं, शाळवात! तंगड्या मोडून हातात देनार हुता न्हवं? मोडा की! आमी तयार हाय!"

आई माझ्याकडं बघायला लागली. आबा भिंतीकडं बघायला लागले. मी मात्र शांत. इंजिनिअर ना! हसत हसत म्हणालो, "गैरसमज झाला. ते मशीन बोललं. मीच बनवलंय. आवाज आईचा आहे, पण शिव्या पाखरांना आहेत."

"असं व्हय?" मुलीचे वडील म्हणाले. "आमी पाखरं दिसलो तुमाला?"

कसेबसे पोहे खाल्ले त्यांनी. मुलीची आई तर प्रत्येक घासाला आमच्या आईकडं बघून घेत होती, न जाणो फुकटचं गिळतेय म्हणाली तर! मी म्हटलं हे काही खरं नाही, पुरावा दिला पाहिजे. दुपारची जेवणं उरकल्यावर सगळ्यांना घेऊन बांधावर गेलो. मामांनी दगड बरोबर घेतलाच. ऊन मी म्हणत होतं. डब्यापुढं उभा राहिलो, हात हलवला.

गप्प.

दोन्ही हात हलवले. उड्या मारल्या. गुडघ्यावर बसून बघितलं. लग्न ठरायच्या आधीच वरातीतला नाच झाला माझा, पण मशीन काही बोलेना. वर एक चिमणी येऊन पॅनेलवर बसली आणि माझा नाच बघायला लागली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोच प्रकाश लगेच सगळ्यांवर पाडायची मला काय गरज होती? पण नाही! म्हणालो, "त्याचं काय आहे, हा सेन्सर ऊब ओळखतो. चिमणीची ऊब फारच थोडी, ती त्याला कळत नाही. आणि आता उन्हानं जमीन माणसाएवढीच तापलीय, म्हणून माणूसही वेगळा कळत नाही."

मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "म्हंजे पाखरं वळकत न्हाई. दुपारी मानसं वळकत न्हाई. मग वळकतंय तरी काय?"

"सकाळच्या गारव्यात आलेलं पाव्हणं," मामा म्हणाले.

माझी ही अवस्था आईला बघवेना. किती झालं तरी आई! ती पुढं आली. "आवं, पोरगं खरं बोलतंय. मोबाईलवर त्यानं बोलाय लावलं मला. कसं बोलले त्ये दावतेच तुमाला!"

"आई, नको..." मी म्हणेपर्यंत तिनं कमरेला पदर खोचला होता.

"आलासा व्हय परत फुकटचं गिळायला? निघा! तंगड्या मोडून हातात देईन!"

काय सांगावं तो दणका! मामांच्या हातातला दगड त्यांच्याच पायावर पडला. मुलीची आई जी वळली ती थेट गाडीपर्यंत थांबली नाही. आणि सबंध शिवारातली पाखरं, पॅनेलवरच्या चिमणीसकट, भर्रकन उडाली. दुपार टळली तरी एकही परत आलं नाही.

पाहुणेही नाही.

चार-सहा दिवसांनी मामांचा फोन आला. म्हटलं, शास्त्र पटलं असेल बिचाऱ्यांना!

"हे बगा," मामा म्हणाले, "पोरगी न्हाई म्हनतीया. मनावर घिऊ नका."

"बरं."

"पन दाजींची द्राक्षबाग हाय. मनी भरल्यात आनि पाखरांनी लय वैताग आनलाय. तवा म्हटलं, तुमाला इचारावं."

घ्या! नवरा म्हणून नाही तर नाही, इंजिनिअर म्हणून तरी किंमत झाली! मी सावरून बसलो. "मशीन लगेच बनवून देतो! सेन्सर बदलतो, चांगला मोठा..."

"न्हाई, न्हाई, मशीन नको!" मामा घाईघाईनं म्हणाले. "स्पीकर हाय आमच्याकडं. नुसता तुमच्या आईचा आवाज मोबाईलवर पाटवा."

फोन ठेवला. आई दारातच उभी होती, डोळ्यांत आशा घेऊन. "काय म्हनत्यात?"

"मी नको. माझं मशीन पण नको. फक्त तुझा आवाज पाहिजे म्हणतात."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि आत जाता जाता आबांना म्हणाली, "चला, घरातलं कोन तरी पसंत पडलं म्हनायचं!"