भाऊसो आणि बुंदीची गळकी पेटी

तासगावच्या आसपास कुणाच्या द्राक्षबागेत ठिबकची नळी गळाली, की पहिला फोन भाऊसोला. तीस वर्षं त्यानं हेच केलं. आणि आता नशिबाची गंमत बघा, एवढा नावाजलेला कारागीर मांजराच्या संडासापुढं उकिडवा बसला होता!

बुंदी त्याच्या लेकीचं, अंकिताचं मांजर. अंकिता पुण्यात नोकरीला. नव्या घरमालकाला मांजर चालेना, म्हणून दिवाळीत ती बुंदीला आणि तिच्या विजेवरच्या पेटीला इथं ठेवून गेली. पेटी म्हणजे एक आडवं पीप. मांजर बाहेर पडलं की पीप गरगर फिरतं, घाण खालच्या खणात पडते, आतली मांजराची खास माती परत जागेवर. भाऊसोच्या बायकोनं, शालूबाईनं, पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. "आमी निम्मा जलम परसाकडं गेलो, आन् ह्या बयेला मशीन!"

पण एक झालं. आधी अंकिताचा फोन आठवड्यातनं एकदा, तोही घाईघाईत. आता रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल. भाऊसो फोन बुंदीपुढं धरायचा आणि मागनं लेकीचं हसणं ऐकायचा. त्याला तेवढं पुरे होतं.

अशात पेटी गळायला लागली. फरशीवर ओघळ, घरभर वास. अंकिताला कळलं तशी ती म्हणाली, "आबा, तुमाला ताप नको. सांगलीची माझी मैत्रीण रविवारी येऊन बुंदीला घेऊन जाईल."

भाऊसोनं लगेच हिशेब केला. बुंदी गेली की सातचा फोनही गेला. "रविवारपतोर दम धर की," तो म्हणाला. "गळतीपुढं मी कवा हटलोय का आजवर?"

त्यानं विजेची पिन काढली, पीप धुऊन उन्हात वाळवलं. पाणी दिसतं तिथं गळती नसते, हा त्याचा जुना अनुभव. सांध्यांवर कोरडी रांगोळी भुरभुरवून त्यानं आतनं तांब्याभर पाणी ओतलं. एका जागी रांगोळी काळवंडली. केसाएवढी चीर! तीत सिलिकॉन भरलं, दिवसभर सुकू दिलं, पीप परत भरलं, खाली पेपर अंथरला. सकाळी पेपर ओला. मग ठिबकचं रबर कापून खणाच्या काठाला बसवलं. पेपर परत ओलाच.

शनिवार उजाडला. "हात टेका आता," शालूबाई म्हणाली. भाऊसोनं नुसता पीपात हात घातला, तर बोटांना चिखल लागला. राखेचा.

आठवड्यापूर्वी अंकितानं दिलेली मातीची पिशवी संपली होती. मांजराच्या घाणीवर राख टाकायची, हे लहानपणापासनं बघितलेलं. म्हणून भाऊसोनंच चुलीची राख चाळून पीपात भरली होती. अंकितानं दिलेली माती ओली झाली की तिचा घट्ट गोळा व्हायचा. राखेचा कुठला गोळा? पीप फिरलं की पातळ चिखल फटीफटीतनं बाहेर.

"काखेत कळसा आन् गावाला वळसा!" शालूबाई पदर तोंडाला लावून हसली.

तो तडक एसटीनं सांगलीला गेला, तसलीच माती आणली. रविवारी सकाळी पेपर कोरडा ठणठणीत. सातची वाट न बघता त्यानंच फोन लावला. कोरडा पेपर दाखवला, पेटी दाखवली, राखेचं कबूल केलं. मग एकदम बोलून गेला, "मैत्रिणीला नगं म्हण, बाळ. बुंदी गेली तर तू कशाला रोज फोन करशील?"

पलीकडं अंकितानं फोन तोंडाजवळ घेतला.

"आबा, पेपर बघितला. बुंदी बी बघितली," अंकिता म्हणाली. "आता फोन तुमच्याकडं फिरवा. मी रोज तुमचं तोंड बघायला फोन लावते, आन् तुमी मला मांजरच दाखवताय."

भाऊसोनं फोन फिरवला. त्याच्या कानाजवळ सुकलेल्या सिलिकॉनचा एक थेंब चिकटला होता. तो त्याला लेकीनंच दाखवला.