माघ पौर्णिमा, शिडाची होडी आणि माझी पाच तासांची झोप

"डॉक्टर हो म्हणाले," असं सांगतच हे दारातून आत आले आणि मला ह्यांच्याऐवजी डॉक्टरांचाच राग आला. दीड वर्षापूर्वी ज्याला हृदयविकाराचा झटका आला, ज्याला स्टेंट बसवला, तो माणूस विचारतो की रात्रभर शिडाच्या होडीतून समुद्रात जाऊ का, आणि डॉक्टर म्हणतात जा? पण आमचे हे धारवाडला वकिली करतात. डॉक्टरांपुढे प्रश्न कसा मांडला असेल ते मला ठाऊक आहे. समुद्राची हवा बरी ना हो, एवढंच विचारलं असणार.

होडीचा पत्ता ह्यांना एका कारवारच्या अशिलाकडून लागला होता. रात्री निघायचं, वाऱ्याच्या कलाने जायचं, पहाटे समोरच्या छोट्या बेटावर पोचायचं, संध्याकाळपर्यंत परत. ह्यांचे डोळे असे चमकत होते की नाही म्हणायला जीभ रेटेना.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या झटक्यापासून मी एकही रात्र सलग झोपलेले नाही. रात्री दोनदा-तीनदा उठते आणि ह्यांच्या नाकाखाली बोट धरते. ऊब लागली की परत आडवी होते, पण झोप उडालेली ती उडालेलीच. मुलीला बेंगळुरूला हे कधी सांगितलं नाही, ह्यांना तर नाहीच. धारवाडात मळमड्डीच्या आमच्या घरापासून इस्पितळ रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, ते अंतर मला तोंडपाठ आहे. समुद्रातून किती मिनिटं? हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता.

तारीख मात्र मी काढली. जायचंच तर पौर्णिमेला जाऊ, चांदणं तरी मिळेल, म्हणून माघ पौर्णिमा. हुबळीच्या मराठी शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवते आहे, हे इथे लक्षात ठेवा.

शनिवारी सकाळी आठला गाडी काढली. धारवाडहून कलघटगी, यल्लापूर, मग अरबैल घाट उतरून अंकोला आणि कारवार. थांबत थांबत पाच तास धरा. घाटात ट्रक फार, सकाळच्या वेळी जरा बरे. यल्लापूरला मऊसूत इडल्या खाल्ल्या आणि अंकोल्याला गरम बन्स, म्हणजे केळं घातलेली गोडसर पुरी. ह्यांनी तिसऱ्या बन्सकडे हात नेला तेव्हा मी नुसतं बघितलं, हात परत आला. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि होडीवाल्यासाठी अर्धा किलो पेढे होते. धारवाडचा माणूस रिकाम्या हाताने कुणाकडे जात नाही.

होडीवाल्याचं नाव गणपतअण्णा. साठीचा, काटक, निम्मं कोकणी आणि निम्मं कानडी बोलणारा, आमच्याशी बोलताना त्यात मराठीही घालायचा. दोघांचे साडेसहा हजार, त्यात लाइफ जॅकेट आणि रात्रीचा चहा. बेटावर उतरायची परवानगी तोच काढतो. होडीला छोटं इंजिन आहे, ते परत फिरायची वेळ आली तर वापरायचं. पेढे त्याने कपाळाला लावून नाळेवर ठेवले, नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. मग एक नियम सांगितला.

"रात्री होडीवर दोघं जागे पाहिजेत. एक सुकाणूला, एक पुढे नजर ठेवायला. माझा जोडीदार आज लग्नाला गेलाय. एक मी. दुसरं तुमच्यातलं. बारापर्यंत एक, बारानंतर दुसरं."

"मीच रात्रभर बसते," मी म्हटलं. मला तसंही जागायचंच होतं.

"जमत नाही अक्का. रात्रभर जागलं की नवख्या माणसाला नसलेल्या होड्या दिसायला लागतात. पाळी म्हणजे पाळी."

साडेनऊला निघालो. सुरुवातीला वारा नव्हता, शीड नुसतं लोंबत होतं. मग दहाच्या सुमाराला मानेवर मागून गार काहीतरी लागलं, शीड हळूच फुगलं आणि पाण्याचा आवाज बदलला. जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. तीस वर्षं मी बाण काढून हे शिकवलं आहे, परीक्षेत दोन गुणांना विचारलं आहे, आणि माझ्या स्वतःच्या मानेला ते कधी लागले नव्हते. खरं सांगते, मला रडू आलं. अंधारात कुणाला दिसलं नाही.

पहिली पाळी माझी. चंद्र डोंगरावरून वर आला होता, कारवारचे दिवे मागे बारीक होत होते. सगळं पाणी दुधट दिसत होतं आणि कुठे पाणी संपतं ते कळत नव्हतं. हे चटईवर पडून आकाश बघत होते. मी पुढे बघायचं सोडून वळून वळून ह्यांच्याकडे बघत होते. अण्णाने दोनदा टोकलं, "अक्का, होडी तिकडून येत नाही." तरी ह्यांच्या छातीची हालचाल दिसते का हे बघण्यात माझे अडीच तास गेले. एवढ्या चांदण्यात बसून मी चांदणं नीट पाहिलंच नाही.

बाराला अण्णाने ह्यांना उठवलं. हे अंगावर शाल घेऊन नाळेवर जाऊन बसले, मी चटईवर पडले. अर्थात झोपायचं नाहीच असं ठरवून. हे अण्णाला एका बांधावरच्या भांडणाची केस सांगायला लागले, दोन भाऊ आणि मध्ये एक चिंचेचं झाड. मग खोकले. मग गुणगुणले, अगदी बेसूर. मग पुन्हा केस. मी ऐकत होते आणि मला जाणवलं की बोलणाऱ्या माणसाच्या नाकाखाली बोट धरावं लागत नाही. अण्णा मागून म्हणाला, "मलकोरी अक्का, साहेब जागे आहेत." झोपा म्हणत होता. त्या भावांपैकी चिंच कुणाला मिळाली ते मला आजही माहीत नाही.

तर वाचकहो, या प्रवासवर्णनात मधले पाच तास नाहीत. ज्या पाच तासांसाठी लोक हा प्रवास करतात, ते मी घोरत काढले. घोरत होते असं हे म्हणतात, अण्णानेही साक्ष दिली.

जाग आली ती होडी हलायची थांबल्यामुळे. चंद्र समुद्रावर टेकायला आला होता, मागे डोंगरावर तांबडं फुटत होतं आणि समोर अगदी जवळ बेट. अण्णा नांगर टाकून विडी ओढत बसला होता. उतरायची जागा म्हणजे खडक, आणि पाणी इतकं ओसरलेलं की खडकांचे काळे दात सगळे बाहेर.

"आता उतरता येत नाही. पाणी चढू दे. नऊ वाजतील," अण्णा म्हणाला. "साध्या दिवशी आलो असतो तर लगेच उतरवलं असतं. पौर्णिमा कुणी काढली?"

मी चटईची घडी घालायला लागले. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. दर वर्षी फळ्यावर तीन गोल काढून हे सांगते. पण तारीख काढताना माझ्या डोक्यात फक्त चांदणं होतं. हे इतके हसले की मला भीती वाटली. "शाळेतल्या मुलांना सांगू का बाई?" म्हणाले. तुम्ही जाणार असाल तर अष्टमीच्या आसपास जा, बेटावर लवकर उतराल.

मग तीन तास काहीच करायचं नव्हतं. दही-भाकरी खाल्ली. अण्णा पाय पसरून डोळे मिटून पडला. मी ह्यांना विचारलं, "मी झोपले होते तेव्हा काय काय झालं?"

वकीलच ते, आधी वाढवून सांगितलं. तारे पाण्यात पडत होते वगैरे. मी म्हटलं, एवढ्या चांदण्यात तारे कुठले, भूगोलाच्या बाईंना काहीही सांगू नका. मग हे खरं ते सांगायला लागले, "दोनच्या सुमाराला डॉल्फिन आले होते. दिसले नाहीत नीट. पण श्वास ऐकू आला. फुस्स करून होडीच्या अगदी शेजारी. मग काहीच नाही. मग मी वाट बघत बसलो, दुसरा कधी येतो. येईना. माझाच श्वास थांबला. मग आला, जरा लांबून. असं अर्धा तास चाललं होतं."

"मग?"

"मग तुझं आठवलं. तू रोज रात्री तेच करतीस ना? नाकाखाली बोट धरून."

मी हातातली भाकरी परत फडक्यात गुंडाळली.

"पहिल्या महिन्यापासून माहीत आहे मला," हे म्हणाले. "तू उठलीस की मला जाग येते. मी पडून राहतो आणि श्वास जरा मोठा घेतो. तुला लवकर कळावं आणि तू झोपावीस म्हणून."

दीड वर्ष. मी ह्यांच्यासाठी जागी आणि हे माझ्यासाठी झोपल्याचं सोंग घेऊन जागे. मी रागावले, खरंच रागावले. आधी का नाही सांगितलं म्हणून भांडले. हे म्हणाले, "तू तरी सांगितलंस का?" अण्णा डोळे मिटूनच पडला होता, पण बोटांतली विडी ओढायची विसरला होता, त्यामुळे तो ऐकत होता हे नक्की.

नऊला पाणी चढलं आणि आम्ही हात धरून उतरलो. बेट अर्ध्या तासात पायी फिरून होतं. एक चुन्याने रंगवलेलं छोटं देऊळ, गोड्या पाण्याची विहीर, वरच्या अंगाला वाळकं गवत आणि चारी बाजूंना समुद्र. प्यायचं पाणी घरून न्या, विहिरीला दोर नव्हता. सावली फक्त देवळामागे. तिथे आम्ही दुपारपर्यंत बसलो. दोनला समुद्राकडून वारा सुटला, खारा वारा, तोही दोन गुणांचा, आणि त्याने आम्हाला शिडावरच परत आणलं. निघताना अण्णाने ह्यांना सांगितलं, "साहेब, तुम्ही पाळी चांगली केली." ह्यांना कोर्टात कुणी एवढं खूश केलेलं नाही.

रात्री कारवारला राहिलो, सोमवारी दुपारी घरी. दाराला शेजाऱ्यांनी ठेवलेलं वर्तमानपत्र, कुंडीतली तुळस सुकलेली, कपड्यांत वाळू. काय उरलं विचाराल तर फोटो अगदी थोडे. मी झोपले होते आणि ह्यांना फोन नीट धरता येत नाही.

त्या रात्री सवयीने मी ह्यांच्याकडे तोंड करून पडले. हे उठून उशीला टेकून बसले, चष्मा लावला, एका केसची फाइल हातात घेतली.

"पहिली पाळी माझी," म्हणाले. "बाराला उठवतो. सुम्म, गप झोप."

कागदांची सळसळ ऐकत मी डोळे मिटले. बाराला मला कुणी उठवलं नाही. जाग आली ती दूधवाल्याच्या बेलने, आणि तीही म्हणे तिसरी. साडेसात वाजले होते, शाळेला उशीर झाला होता. हे बसल्या जागीच कलंडून गाढ झोपले होते, चष्मा नाकावर, फाइल छातीवर. कागद हळूहळू वर-खाली होत होते. मी ते बघितलं आणि दूध घ्यायला गेले.