फुटतूट चार टक्के

मावशीला कोणी शहाणपण शिकवायला गेलं की ती आधी चष्मा काढून ठेवायची. मग समोरच्याची धडगत नसायची.

सौर पॅनेलच्या कारखान्यात बावीस वर्षं तिने कागदासारखे पातळ सेल एकमेकांना सोल्डर केले. मालकाने एक दिवस टाळं ठोकलं, तेव्हा डोळे गाळत बसेल तर ती मावशी कसली! तिने बरोबरच्या अकराजणींना गोळा केलं, सगळ्यांनी दागिने मोडले, शेड भाड्याने घेतली. आता स्वतःचा कारखाना काढायचा म्हणून दोन यंत्रांसाठी बँकेत कर्ज मागितलं. अहवाल भाचीने लिहिला, त्यातले आकडे मावशीचे.

कर्ज अधिकारी भला माणूस होता, हीच तर पंचाईत. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

"मावशी, सेलची फुटतूट चार टक्के? सगळे एक लिहितात. तुम्हीही एक करा, फाईल आजच वर पाठवतो."

"शंभरात फुटतात चार, तर एक कसा लिहू?"

"अहो, कागदावरच तर लिहायचंय. मोजायला कोण येणार आहे?"

भाचीने लगेच पेन उघडलं. मावशीने चष्मा काढला.

"साहेब, आमच्या मालकानेही बँकेला एकच टक्का लिहून दिला होता. वरचे तीन कुठून भरायचा, माहितीये? आमच्या पगारातून. बावीस वर्षं ते खोटं मी माझ्या पोटाला चिमटा काढून खरं केलंय. आता मी मालकीण झाले म्हणून या बायकांचा पगार कापू?"

"मग नफा कमी दिसेल. कर्ज पूर्ण मिळणार नाही."

"नाही तर नाही."

तिने भाचीच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या ओळीशेजारी तिरक्या अक्षरात लिहिलं, 'फुटीचे पैसे कोणाच्याही पगारातून कापले जाणार नाहीत.' खाली सही ठोकली.

बाहेर येताच भाची उसळली. "अकराजणींचे दागिने गेलेत मावशी, आणि तू तत्त्वं घेऊन बसलीस!"

"मलाही भीती वाटतेय गं," मावशी म्हणाली. "पण लिहिलंय ते लिहिलंय."

दीड महिन्याने बँकेचं पत्र आलं. कर्ज मंजूर, पण एकाच यंत्राचं. दुसऱ्या यंत्राच्या जागी मावशीने लांबलचक टेबल मांडलं आणि सहाजणींना हाताने सोल्डरिंगला बसवलं. त्यांच्यात ती स्वतःही होती.

पहिल्याच सकाळी टेबलावर शेजारी बसलेल्या बाईच्या बोटांखाली सेल तडकला. ती पांढरीफटक पडली.

"मावशी, किती कापणार?"

"दुसरा घे," मावशी म्हणाली आणि मान खाली घालून आपला सेल जोडू लागली.