दानीएलकाकांचा राखाडी पडदा

"मागचं लोकांच्या नजरंत भरलं, की समजायचं आपलं काम फसलं," फोटोमागचे पडदे रंगवणारे दानीएलकाका एकदा म्हणाले होते.

लग्न होऊन निकिता काष्टीत आली, त्याच आठवड्यात सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, तिला हे वाक्य सांगितलं. दोघी मधल्या खोलीत भिंतीवरच्या एका जुन्या फोटोसमोर उभ्या होत्या. फोटोत नव्या नवरीच्या वेशातल्या मनकर्णाबाई आणि शेजारी ताठ बसलेले सासरे. मागे डोंगरांच्या कुशीत दूरवर पसरलेलं निळं पाणी आणि डाव्या कोपऱ्यात एका नावेचं टोक.

"भंडारदऱ्याचं पानी हाय ते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आमी काय भंडारदऱ्याला गेल्तो व्हय? स्टँडसमोर दानीएलभाऊंच्या स्टुडिओत बसलो हुतो. उकाड्यानं जीव चालला हुता, अन् फोटोत बघ कसा गारवा वाटतोय."

काकांनी अनेक पडदे रंगवले. बागा, जिने, कमानी. ते सगळे विटले, फाटले, कुणाच्या तरी गोठ्याला आडोसा म्हणून गेले. हा पाण्याचा तेवढा राहिला. अर्ध्या काष्टीचे लग्नातले फोटो त्याच्यासमोर निघाले होते. मोबाईल आले, स्टुडिओ बंद पडला, आणि काका ट्रॉल्यांवर नावं रंगवू लागले. महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्याने तो पडदा मागितला, तेव्हा काका म्हणाले होते, "तुझी गिऱ्हाइकं जेवायची सोडून तिकडंच बघत बसतील." पडदा त्यांच्या घरी आढ्याला, गुंडाळून टांगलेला असे.

निकिता मिरजगावची. तिचा धाकटा भाऊ कल्याण जन्मतःच बहिरा. त्याच्याशी बोलता यावं म्हणून लहानपणी तिने आपल्या मनाने खुणा रचल्या, आणि मोठेपणी पुण्यात राहून खुणांची भाषा रीतसर शिकली. आता कर्णबधिर मुलांना घरी बसून, व्हिडिओवरून शिकवणारी शिक्षिका पुण्यातल्या एका संस्थेला हवी होती. शनिवारी अकरा वाजता मुलाखत. दहा मिनिटं खुणांमधून एक गोष्ट सांगायची. पत्रात अट होती: मागे एकरंगी, साधी पार्श्वभूमी, हात कोपरापर्यंत स्वच्छ दिसले पाहिजेत. ही नोकरी मिळाली, तर सासर न सोडता ती शिकलेलं काम करणार होती. नाही मिळाली, तर ती भाषा कल्याणपुरतीच उरणार होती.

घरात रेंज फक्त मधल्या खोलीत. तिथे भांड्यांची मांडणी, रुखवताचे डबे आणि कांद्याच्या गोण्या. शुक्रवारी दुपारी तिच्या नवऱ्याने, समर्थने, लॅपटॉपवर व्हर्च्युअल बॅकग्राउंड लावलं. साधा राखाडी रंग. मांडणी गेली, गोण्या गेल्या. निकिताने हात उचलले आणि तिची बोटंही गेली. हात स्थिर असला की पाच बोटं, हलवला की दोन, वेगात फिरवला की नुसता पंजाचा ठिपका.

"मागं हिरवा पडदा असला की नीट कापतं," समर्थने मोबाईलवर वाचून सांगितलं. रोपवाटिकेतून उरलेली हिरवी शेडनेट त्याने दुहेरी करून मांडणीवर ताणली आणि लॅपटॉपला सांगितलं, हिरवं दिसेल ते काढून टाक.

बोटं परत आली. पण मनगटं नाहीशी झाली. लग्नाला जेमतेम एकोणीस दिवस झाले होते. निकिताच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा होता. पडद्यावर पंजे एकीकडे तरंगत होते, हात दुसरीकडे, आणि मधल्या फटीतून राखाडी रंग दिसत होता.

समर्थला हसू आलं. निकिताला आलं नाही.

"तासाभरासाठी काढून ठेव की," तो हळूच म्हणाला.

मनकर्णाबाई गव्हातले खडे निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. या घरात जागरण-गोंधळ होईपर्यंत नवी सून चुडा उतरवत नसे. त्या थांबलेल्या हाताकडे पाहूनच निकिता अडली. तिला स्वतःलाही तो काढायचा नव्हता. पहिल्या नोकरीच्या दारात हात रिकामे करून जायचं तिच्या मनाला पटेना.

"दानीएलभाऊंना बोलव," शेवटी मनकर्णाबाई म्हणाल्या. "उजेडाचं त्यांना कळतं."

काका आले ते शर्टाच्या बाहीवर लाल रंगाचे डाग घेऊनच. लॅपटॉपला त्यांनी हात लावला नाही. स्टूल ओढून समोर बसले.

"हलव बघू हात, पोरी."

तिने हलवले. काका बराच वेळ बघत राहिले.

"आमी ब्लेडनं फोटो कापायचो," ते म्हणाले. "मानसाची कड धरून. मानूस बसलेला असायचा म्हणून जमायचं. हे यंत्र पळत्या मानसाला कापाया बघतंय. त्याचा तरी काय दोष."

"मग काय करायचं काका?" समर्थने विचारलं.

"कापायचंच कशाला? खरं कापड लावा. कापन्याचं काढून टाक त्यातनं."

"घरात सगळ्या चादरी फुलांच्या हायेत," मनकर्णाबाई म्हणाल्या. "दुकानातनं आनू का?"

"दुकानचं कापड चकाकतं, वैनी. मधी शिवन येती. बोटं सोडून नजर शिवनीवर जाती." ते पुन्हा निकिताकडे वळले. "आत्ता केलं ते काय हुतं? बोटं अशी लहरत गेली ते."

"पाणी, काका. उद्याच्या गोष्टीत नदी आहे."

काकांनी ती खूण आपल्या रंगाळलेल्या बोटांनी एकदा करून पाहिली.

"पानी दिसलं पायजे," ते म्हणाले. उठले. "चुडा ऱ्हाऊ दे हातात. कापड मी आनतो सकाळी."

शनिवारी काष्टीचा बाजार. सकाळपासून रस्त्यावर टेम्पोंचे हॉर्न आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा. मुलाखतीला त्यांचा त्रास नव्हता. नऊ वाजता काका खांद्यावर बांबूची लांब गुंडाळी घेऊन आले. दारातून ती आत घेताना त्यांनी अंग असं वळवलं की चौकटीला कुठे टोक लागलं नाही.

वरचा बांबू त्यांनी आढ्याला बांधला. जाड कापड सरसरत खाली आलं. अखंड राखाडी. त्यावर ना चमक, ना शिवण, ना सुरकुती. खोलीत ताज्या रंगाचा वास पसरला. खालच्या बांबूला कापडाचा एक वेढा होता, तो त्यांनी तसाच ठेवून त्यावर दोन विटा टेकवल्या. निकिताची खुर्ची त्यांनी पडद्यापासून चार हात पुढे ओढली.

"चिकटून बसलीस तर हातांची सावली मागं पडंल. चार हातांचं अंतर चार बोटं व्हायला नको."

मग खिडकीसमोर पांढरं धोतर धरून ते कोपऱ्यात उभे राहिले. निकिताच्या डाव्या गालावर आणि हातांवर मऊ उजेड आला. समर्थने व्हर्च्युअल बॅकग्राउंड बंद केलं. स्क्रीनवर निकिता दिसली. गडद साडी, दहा बोटं, दोन मनगटं आणि त्यांवर हिरवा चुडा, एकेक बांगडी मोजावी इतका स्पष्ट.

मुलाखत घ्यायला तिघं होते. मधल्या बाई स्वतः कर्णबधिर होत्या. निकिताने गोष्ट सुरू केली. नदी आली, नदीला पूर आला, पुरात एक पोर अडकलं. तिच्या बोटांतून पाणी वाहत गेलं, वळलं, चढलं, ओसरलं. काकांचे धोतर धरलेले हात दहा मिनिटं हलले नाहीत. बाजूला मनकर्णाबाई एकही खूण न कळता बघत होत्या, आणि पोर काठाला लागलं तेव्हा त्यांनी पदराने डोळे टिपले.

मधल्या बाईंनी खुणांनी विचारलं, ही भाषा कुणासाठी शिकलीस? निकिताने भावासाठी रचलेली जुनी खूण केली, हनुवटीवरच्या तिळाची. बाई हसल्या. मागच्या पडद्याबद्दल कुणी काहीही विचारलं नाही. शेवटी त्यांच्यातले एक जण बोलून म्हणाले, "पुढच्या सोमवारपासून दुसरीचा वर्ग घ्या."

समर्थने लॅपटॉप मिटला. मग मनकर्णाबाईंनी सुनेच्या हातांवरून, चुड्यावरून, हात फिरवला. "माझ्या सुनंच्या हातांनी पूर आनला अन् उतरवला," त्या समर्थला म्हणाल्या. "तुला साधी शेडनेट लावता यीना."

काका धोतराची घडी घालत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे निकिताने फक्त पीक उभं राहिलेलं पाहणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. त्यांना मदत करावी म्हणून ती वाकली. विटा काढल्या, बांबू उचलला. आतला वेढा सुटला.

वेढ्यात वीतभर कापड रंगायचं राहिलं होतं. तिथे निळं पाणी होतं. आणि डाव्या टोकाला नावेची कड.

निकिताने वर, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनीही पाहिलं. त्या हळूहळू पुढे आल्या, खाली बसल्या, त्या निळ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"दानीएलभाऊ," त्या म्हणाल्या, "ही आमच्या फोटूतली नाव हाय. तुमी पानी पुसलं?"

काकांनी त्यांच्या बोटाखालचं कापड हलकेच सोडवून घेतलं आणि बांबूभोवती गुंडाळलं. निळं आत गेलं, वर राखाडी आलं. निकिताला काही म्हणायचं होतं. तिचे हात वर आले आणि तसेच थांबले. काकांनी त्या हातांकडे एकदा नीट पाहिलं. मग गुंडाळी खांद्यावर घेतली, दारात अंग वळवलं, चौकटीला कुठेही टोक न लावता उंबरा ओलांडला, आणि बाजाराच्या गर्दीत निघून गेले.