आतून लावलेली कडी

उघडं दारसुद्धा वाजवून आत येण्याची माझ्या बायकोला, सुमनला, सवय होती. घरात आम्ही दोघंच. मी पुस्तकातून मान वर न करता "ये" म्हणायचो. एकदा चिडलो, तर म्हणाली, "घरी सवय मोडली, तर शाळेत पोरींले काय शिकवू?"

ती मोताळ्याला मतिमंद मुलांच्या शाळेत शिकवायची. वयात येणाऱ्या मुलींना पाळी, स्वच्छता, कोणी कुठे हात लावायचा नाही, हे सगळं ती जुन्या लुगड्याच्या बाहुलीवर शिकवी. बाहुलीची चड्डी, पॅड, कुंकवाचं पाणी. घरी ती ही तयारी मांडून बसली की मी ताट घेऊन बाहेर ओट्यावर निघून जाई.

धामणगाव बढ्याची रंजना शाळेत सहा महिन्यांत स्वतः पॅड बदलायला शिकली. मग एक दिवस तिची आई थेट आमच्या घरी आली. बाजाराला निघालेली, डोक्यावरची मेथीची टोपली तिने उतरवलीच नाही.

"बाई, घरी काहीच नाई करत हे पोरगी. दिवसभर तशीच बसून राह्यते. लोकं हासतात. आता डॉक्टरले सांगून तिची पिशवीच काढून टाकतो."

"एक महिना थांब वो माय. मंग मी आडवी येत नाई."

पुढच्या पाळीला सुमन रजा काढून धामणगावला गेली, चार दिवस तिथेच राहिली. आल्यावर चप्पलही न काढता म्हणाली, "अहो, थे घंटीची वाट पाहत होती! शाळेत घंटी झाली का मी बदलायले न्यायची. घरी घंटी कोठची? पोरीनं बरोबर ऐकलं, चुकली मी." घंटेच्या जागी तिने चहा, जेवण आणि दिवाबत्ती ठरवून दिली होती; ते झालं की बदलायचं. ऑपरेशनचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

"लेकराले येत नाई असं नसते," ती नेहमी म्हणे, "आपल्याले सांगता येत नाई."

सुमनला जाऊन तीन महिने झाले. एकट्या माणसाला दारं लावायचं कारण उरत नाही; सगळी उघडीच असतात. परवा उघडं दार कुणीतरी वाजवलं आणि मी मान वर न करता "ये" म्हणालो. म्हटल्यावर भानावर आलो.

रंजना आणि तिची आई भेटायला आल्या होत्या. मी चहा केला, साखर विसरलो. रंजनाने कप खाली ठेवला, आपली पिशवी घेतली. "काका, बाथरूम कुठी?"

मी बोट दाखवलं.

"च्या झाला न," आई म्हणाली, "आता बदलीन थे."

आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी उठून ओट्यावर गेलो नाही.