पोशीरची गोधडी विमानात

अत्यंत गंभीर निवेदन: आमच्या यजमानांनी भर विमानात पोशीर गावचं माजघर मांडलं, ही बातमी खरी आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

तीन वर्षांच्या नातीला परदेशी तिच्या आईबापाकडे पोचवायला आम्ही दोघं निघालो होतो. ती पेंगायला लागली तशी यांनी गोधडी काढून आमच्या पायांपाशी, खाली अंथरली आणि पोरीला तिथे निजवलं.

"अहो, उचला तिला! विमान हादरलं तर आपटेल ना!"

"अगं, पोशीरला आमी सगळी भावंडं खालीच झोपायचो. काय झालं आमाला?"

"पोशीर उडत होतं का?" मी ओरडले. पुढची डोकी वळली. वळू देत! मीच पोरीला तिच्या खुर्चीत बसवलं, पांघरूण घातलं आणि पट्टा त्याच्या वरून लावला, म्हणजे तो तपासायला कोणी तिला उठवणार नाही. हे फुगून बसले.

थोड्या वेळाने विमान धाडकन खाली गेलं. यांचा गरम चहा त्या रिकाम्या गोधडीवर सांडला. नात गाढ झोपेत होती. यांनी मात्र माझं मनगट आवळलं आणि ओरडले, "अगं, माझा पण पट्टा बघ गं!"